पहिल्या अक्षराची सोयरीक

लग्नाची मागणी घालायला माणसाला तोंड लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. माझ्याकडे कॉम्प्युटर होता!

आणि नुसता कॉम्प्युटर नव्हे. एकोणीसशे नव्याण्णव साली जळगावात वेब पेज बनवता येणारी जी मोजकी मंडळी होती, त्यात पहिलं नाव माझं होतं. हे मी स्वतःच सांगत असे, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. सायकलच्या दुकानावरच्या माडीवर 'आधार कॉम्प्युटर्स' अशी माझी पाटी होती. आधार हे माझंच नाव. पुण्याला जाऊन कोर्स करून आलो होतो. परत आल्यावर कितीतरी दिवस मी 'जेवायला वाढ' ऐवजी 'एंटर' म्हणत होतो असं आई सांगते, पण आईला अतिशयोक्तीची सवय आहे.

तर माझी योजना ऐका. आमच्या समाजाचं एक वधू-वर सूचक मंडळ आहे. (समाजाचं नाव लिहीत नाही. समाज मोठा आहे, माझं घर लहान आहे.) मंडळाचे अध्यक्ष जीवराम आबा. मूळचे जामनेरचे, जळगावात शेती-अवजारांचं दुकान. आणि जीवराम आबांची एकुलती एक मुलगी कुंदा. ती माझ्या क्लासला यायची.

कुंदाच्या बाबतीत मी विनोद करणार नाही. ती मला मनापासून आवडत होती. ती की-बोर्डवर चुकली की स्वतःवरच हसायची, आणि ते हसणं ऐकायला मिळावं म्हणून मी तिला मुद्दाम अवघड परिच्छेद द्यायचो. पण आबांसमोर उभं राहून 'मला तुमची मुलगी द्या' म्हणणं माझ्याच्यानं होण्यातलं नव्हतं. आबा कुजबुजले तरी शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

म्हणून मी ठरवलं, की हे काम मशीन करील! मंडळाकडे आलेले सगळे फॉर्म वेब पेजवर चढवायचे. वर एक चौकट. चौकटीत मुलाचं किंवा मुलीचं नाव टाकायचं, 'शोधा' दाबायचं, की योग्य स्थळं समोर हजर! दिवाळीनंतरच्या मेळाव्यात भर सभेत आबा कुंदाचं नाव टाकायला लावतील, मशीन घरघर करील, आणि पडद्यावर एकच नाव उमटेल: आधार! मी लाजून मान खाली घालीन. लाजण्याचा सराव मी आरशासमोर चालू केला होता.

कुंदाला विचारायचं? अहो, तिला तर सुखद धक्का द्यायचा होता!

आबांना कल्पना पसंत पडली. "मेळाव्यात हे चाललं ना रे भाऊ," ते म्हणाले, "तर मग तुझ्याही लग्नाचं बघू. चांगला पोरगा आहेस. पण चाललं पाहिजे!"

बघा, मशीन चाललं तर कुंदा, नाही चाललं तर आरसा! एवढं सरळ होतं सगळं. मग आडवं आलं धुळं.

आमच्या मंडळाची एक शाखा धुळ्याला आहे. शाखेचे प्रमुख झिपरू नाना. धोतर, काळी टोपी, आणि जळगावातून आलेल्या कुठल्याही गोष्टीवर मूलभूत अविश्वास. जळगावची भरीत-भाकरी सुद्धा ते 'ठीक शे' म्हणून खात. मशीनची कुणकुण लागताच ते बैठकीला येताना आपल्या भाच्याला घेऊन आले. भाच्याचं नाव रुपचंद. नावातला चंद्र डोक्यावर उगवायला लागला होता, रूप अजून वाटेत होतं. पण त्यानंही नाशिकला जाऊन कोर्स केला होता, आणि माझ्याइतकाच तोही त्याबद्दल कोणी न विचारता सांगत होता.

बैठकीत मी उठलो आणि जाहीर केलं, "माहिती आपण एक्सएमएलमध्ये ठेवणार!"

द्रौपदाबाई, आमच्या महिला आघाडीच्या, हळूच म्हणाल्या, "त्यात मुंग्या तर लागत नाहीत ना?"

मी समजावलं. एक्सएमएल म्हणजे प्रत्येक माहितीच्या आधी एक पाटी आणि नंतर एक पाटी. 'इथे नाव सुरू', मग नाव, मग 'इथे नाव संपलं'. 'इथे गाव सुरू', गाव, 'इथे गाव संपलं'. गोंधळाला जागाच नाही. जगात आता हेच चालणार!

रुपचंद ताडकन उभा राहिला. "एका माणसाच्या नावाला दोन-दोन पाट्या? माणसापेक्षा पाट्याच जास्त होतील! आमच्या धुळ्याला साधा हिशेब. नाव, स्वल्पविराम, शिक्षण, स्वल्पविराम, गाव. संपलं!"

"स्वल्पविरामावर भरवसा ठेवता, रुपचंदराव? आणि कोणी माहितीतच स्वल्पविराम दिला तर?"

"आमच्याकडची माणसं मोजकं लिहितात. जळगावचं सांगता येत नाही!"

डेटा फॉरमॅट म्हणजे काय, हे त्या बैठकीत कोणालाही कळलं नव्हतं. पण जळगावला पाट्या पाहिजेत एवढं कळल्यावर धुळ्याला स्वल्पविराम पाहिजे, हे धुळेकरांना न सांगता कळलं. काही लोक तर 'स्वल्पविराम झिंदाबाद' म्हणण्याच्या बेतात होते.

पडद्याच्या बाबतीतही तेच. मी जावा ॲपलेट करून आणलं होतं. पेज उघडलं की दोन फुलांचे हार डावी-उजवीकडून सरकत यायचे आणि मध्ये एकमेकांच्या गळ्यात पडायचे. म्हणजे पडायला पाहिजे होते. ते यायला एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात खरी मुलगी तयार होऊन पोहे घेऊन आली असती. रुपचंदचं पेज हारबीर काही नसलेलं, पण त्यावर 'शुभमंगल' ही अक्षरं अशी फडफड उघडमीट करायची, की बघणाऱ्याला मंगलाऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरची आठवण यावी.

"हार!" जळगाव ओरडलं.

"फडफड!" धुळं ओरडलं.

शेवटी आबांनी टेबलावर हात आपटला. "अर्धं-अर्धं करा! जळगावचे फॉर्म आधारच्या पद्धतीनं, धुळ्याचे रुपचंदच्या. पडद्याच्या डाव्या बाजूला हार, उजव्या बाजूला ते फडफडणारं. मध्ये रेघ मारा!"

तसंच झालं. वेब पेजच्या मधोमध उभी रेघ आली, भावाभावांत वाटणी झालेल्या घरासारखी. फक्त शोधाचं इंजिन माझं राहिलं, कारण ते कोणाला दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी आमच्यात कोणी भांडत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मशीनला कळायला पाहिजे, की अमुक माणूस मुलगा आहे की मुलगी. त्यासाठी मी पहिला रकाना ठेवला होता, फक्त मशीननं वाचायचा, पडद्यावर न दिसणारा. मेलला M, फीमेलला F. जगभर चालतं. खान्देशात नाही चाललं!

द्रौपदाबाईंनी नमुन्याचा कागद डोळ्यांसमोर धरला आणि त्यांचा आवाज चढला. "माझ्या नातीच्या नावापुढे F का मारलाय?"

"अक्का, ते फीमेलचं—"

"मला शिकवू नको! कॉन्व्हेंटच्या प्रगतिपुस्तकात F म्हणजे काय असतं, ते मला चांगलं माहीत आहे. माझी नात दहावीला पहिल्या वर्गात पास झाली. आणि तू अख्ख्या खान्देशच्या पोरी नापास करून राहिला?"

झिपरू नानांनी टोपी सावरली. "हाई काय शे रे भो? आमनी आंडेर काय नापास शे का? इंग्रजी नको. आपली भाषामा लिखा!"

ठराव झाला. रकाना मातृभाषेत. जळगावच्या फॉर्मवर 'मुलगा' किंवा 'मुलगी'. पण जळगावचा शब्द धुळ्यानं कसा घ्यायचा? नानांनी हट्ट धरला, धुळ्याच्या फॉर्मवर अहिराणीच. मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर. "बठ्ठासले समजी!" म्हणाले, म्हणजे सगळ्यांना समजेल.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मशीनला दोन-दोन भाषा झेपतील का? आणि इथे माझ्या अंगात पुणं संचारलं. मी हसलो. हात वर केला. म्हणालो, "काहीही लिहा हो! माझं इंजिन पूर्ण शब्द वाचतच नाही. वेळ जातो. ते फक्त पहिलं अक्षर बघतं. दोघांची पहिली अक्षरं वेगळी असली की एक मुलगा, एक मुलगी. सारखी असली की जुळत नाही. विषय संपला!"

टाळ्या पडल्या. रुपचंदनं सुद्धा नाइलाजानं वाजवल्या. वाचकहो, तुम्ही आत्ता जे ओठांतल्या ओठांत पुटपुटून बघताय, ते त्या बैठकीत एकानंही पुटपुटून बघितलं नाही! अध्यक्षांनी नाही, शाखेनं नाही, महिला आघाडीनं नाही. आणि पुण्याच्या कोर्सनं तर नाहीच नाही.

कुंदाचा फॉर्म भरायला आबांनी मलाच बोलावलं. "अपेक्षांमध्ये काय लिहू रे?"

मी छताकडे बघत, जणू काही सुचतंय असं दाखवत म्हणालो, "पदवीधर लिहा. कॉम्प्युटरचं ज्ञान असलेला लिहा. आणि राहणार जळगाव लिहा."

आबांनी पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या. तिसरीला थांबले. "जळगाव नको. धुळेवाले रुसतील." मी मनात म्हटलं, हरकत नाही. कॉम्प्युटरवाला पदवीधर तसाही कुठे मिळतोय दुसरा! माझ्या फॉर्मवरही मी त्याच दोन अपेक्षा लिहून टाकल्या.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी चाचणीही घेतली बरं का. आमच्या जळगावकडच्या यावलचा एक मुलगा टाकला. शोधा! पहिलंच नाव आलं ते धुळ्याकडच्या शिरपूरच्या एका मुलीचं. अगदी साजेसं! त्याच्या खाली आणखी नावं होती, ती मी बघितली नाहीत. मला शर्ट इस्त्रीला द्यायचा होता.

मेळाव्याला मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. फैजपूर, जामनेर, दोंडाईचा, साक्री, जिथून म्हणून गाडी येते तिथून माणसं आली होती. व्यासपीठावर कॉम्प्युटर, त्याला जोडलेले दोन मोठे टीव्ही. की-बोर्डवर कुंदा, कारण आबांना आपल्या मुलीचं टायपिंग समाजाला दाखवायचं होतं. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रुपचंद. तिनं अबोली रंगाची साडी नेसली होती. आजचा दिवस गेला की ही माझी, असं मी स्वतःला सांगितलं.

आबांनी माइक घेतला, म्हणजे खरं तर माइकची गरज नव्हती. "हे मशीन आपल्या आधारनं बनवलं. माणूस चुकेल, मशीन चुकणार नाही! या, नाव सांगा!"

फैजपूरच्या प्रमिलाबाई पुढे आल्या. मुलीसाठी स्थळ पाहिजे होतं. कुंदानं नाव टाकलं. हार निघाले. अर्ध्यात अडकले. शुभमंगल फडफडलं. मग निकाल आला, धुळ्याच्या बाजूला.

कुंदानं वाचलं, "नाव सुमन. आवड रांगोळी. गाव शिवणकाम."

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "शिवणकाम कुठे आलं?"

मला लगेच कळलं. फॉर्मवर आवड म्हणून 'रांगोळी, शिवणकाम' लिहून मग गाव लिहिलं असणार, आणि रुपचंदच्या स्वल्पविरामानं घात केला असणार! पण भर सभेत वाद नको. "शिरपूरच्या पुढे," मी म्हणालो.

"आणि मुलाचं नाव सुमन?"

"असतं, मावशी. मुलांचंही असतं."

"रांगोळी काढतो?"

"आजकालची मुलं सगळं करतात! तुमची मुलगी सुखात राहील!"

प्रमिलाबाईंना पटलं. आबांनी पुकारा केला, "सुमनच्या घरचे कोण आहेत? पुढे या!" गर्दीतून चिंधाभाऊ नावाचे एक गृहस्थ धडपडत आले, डोळ्यांत पाणी. लेकीला पहिल्याच फेरीत स्थळ आलं म्हणून माणूस गहिवरला होता. सोयरे मंडळींना बसायला कडेला गाद्या घातल्या होत्या, तिथे दोघांना बसवलं.

म्हणजे बसवायचा प्रयत्न केला. प्रमिलाबाई हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही आधी बसा. आम्ही मुलीकडचे."

चिंधाभाऊ आणखी वाकले. "असं कसं! तुम्ही आधी. मुलीकडचे तर आम्ही!"

"थट्टा करता काय? तुमचा मान मोठा."

"ताई, मान तुमचा. आम्हाला फक्त तुमच्या पायाशी जागा द्या."

दोघंही एकमेकांपुढे वाकत वाकत एवढे खाली गेले, की लोकांना वाटलं काहीतरी हरवलंय आणि ते शोधताहेत. एक-दोघं मदतीला पण आले.

पुढची चार-दोन नावं टाकून होतात तोवर दुसऱ्या गादीवर उलटाच प्रकार. तिथे मशीननं जुळवलेली दोन कुटुंबं बसली होती, एक भुसावळचं, एक साक्रीचं. दोघंही ताठ! पाय पसरलेले, नजर छताला. कोणी बोलेना. मी जवळ गेलो तर भुसावळचे गृहस्थ दातांतून म्हणाले, "कधीचे बसलोय. यांना साधी रीत माहीत नाही. चहाचं विचारलं नाही."

साक्रीवाले गरजले, "आम्ही विचारू? मुलाच्या बापानं चहाचं विचारायचं?"

"मुलाचा बाप तर मी आहे!"

"मंग मी कोन शे?"

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी वाजलं. मी तसाच उभा राहिलो आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटलो. मुलगा. मुलगी. म. म. आंडोर. आंडेर. आ. आ.

अरे देवा! माझ्या इंजिनच्या हिशेबी जळगावची सगळी माणसं एकाच जातीची होती, म! धुळ्याची सगळी दुसऱ्या, आ! मशीन मुलाला मुलगी देतच नव्हतं. ते जळगावला धुळं देत होतं! कोणी पुरुष असो, बाई असो, त्याचा मशीनशी संबंध नव्हता. मी घाईघाईनं दुसरे शब्द आठवून बघितले. वर, वधू. व, व! नवरा, नवरी. न, न! पोरगा, पोरगी. पुन्हा तेच! आमच्या पूर्वजांनी लग्नाचे सगळे शब्द जोडीजोडीनं असे बनवून ठेवलेत, की कॉम्प्युटरवाल्याचं कधी भलं होऊ नये.

आणि मग मला आणखी एक कळलं. मी जळगावचा. म. कुंदा जळगावची. म! माझ्याच इंजिननं आम्हा दोघांना जन्मात जुळू न देण्याची व्यवस्था केली होती.

"आणि आता," व्यासपीठावरून आबांचा आवाज आला, "माझी स्वतःची मुलगी! कुंदा, टाक तुझं नाव!"

मी धावलो. गाद्यांवरून, चिंधाभाऊंवरून उडी मारून धावलो. "आबा, थांबा! मशीन तापलंय!"

"तापू दे. लोखंड पण तापल्यावरच वाकतं. टाक कुंदा!"

"आबा, चहाची वेळ—"

"अरे, तू का घाबरून राहिला? तुझंच तर मशीन आहे!"

कुंदानं नाव टाकलं. हार निघाले. आयुष्यात पहिल्यांदा ते अडकले नाहीत. दोन्ही बाजूंनी डौलात आले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. पदवीधर, कॉम्प्युटरचं ज्ञान, आणि पहिलं अक्षर म नसलेला. अख्ख्या धुळे जिल्ह्यात असा एकच होता. त्यानं स्वतःचा फॉर्म स्वतःच भरला होता, एकही जादा स्वल्पविराम न देता.

'रुपचंद.'

अशा टाळ्या पडल्या, की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला.

झिपरू नाना उभे राहिले. याच मशीनला त्यांनी आदल्या दिवसापर्यंत 'जळगावनं खेळणं' म्हटलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मशीन बरोबर शे! मी पहिलेपासून सांगी राहिनू! मना भाचा शे तो!"

"मशीन चुकलंय!" मी किंचाळलो.

आबा माझ्याकडे वळले. "काय?"

"चुकलंय, आबा! त्याला मुलगा-मुलगी कळतच नाही! थांबा, सिद्ध करून दाखवतो!" मी कुंदाच्या हातून की-बोर्ड घेतला, स्वतःचं नाव टाकलं आणि 'शोधा' दाबलं. मला पत्नी म्हणून कोण योग्य, ते दोन्ही टीव्हींवर मोठ्या अक्षरांत आलं.

'रुपचंद.'

लोक गादीवर लोळून हसले. द्रौपदाबाईंनी पदर तोंडात कोंबला. रुपचंद माझ्यापासून जरा दूर सरकला.

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "म्हणजे हे चुकलेलं आहे?"

"हो, आबा!"

"कोणी चुकवलं?"

मशीन बरोबर म्हणावं तर कुंदा रुपचंदची. चूक म्हणावं तर मशीन चाललं नाही, आणि आबांची अट तीच होती. मी आतून इतका रडवेला झालो होतो, की शेवटी खरं तेच तोंडातून पडलं. "आबा, मशीनचं जाऊ द्या. मला कुंदा आवडते. मशीनकडून माझं नाव यावं म्हणूनच मी हे सगळं केलं."

हे बोलताना माझ्या हातात माइक होता, हे मला अख्ख्या सभेनं 'ओऽऽ' केल्यावर कळलं.

कुंदा माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "एवढं मोठं मशीन केलंस," ती म्हणाली, "एवढ्या पाट्या, एवढे हार. रोज समोर बसून शिकत होते मी. मला विचारायचं सुचलं नाही?"

"विचारणार होतो," मी म्हणालो.

"कधी?"

पलीकडून रुपचंदनं घसा साफ केला. "कुंदाताई... म्हणजे, ताई नव्हे... मशीनचं राहू द्या बाजूला. पण तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही."

कुंदानं त्याच्याकडे बघितलं. मग आबांकडे. मग जमिनीकडे. "विचारणारे तुम्हीच पहिले," ती म्हणाली, आणि हसली. तेच हसणं. अवघड परिच्छेदावरचं!

मी खाली बसलो. चिंधाभाऊ अजून वाकलेलेच होते. त्यांनी माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही बसा. आम्ही मुलीकडचे."

पुढच्या बैठकीत मी दुरुस्तीचा प्रस्ताव आणला. पूर्ण शब्द वाचायचा, अक्षर नाही. एक दिवसाचं काम! झिपरू नाना आणि जीवराम आबा आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूनं उभे राहिले. ज्या मशीननं अध्यक्षांची मुलगी शाखाप्रमुखांच्या भाच्याशी जुळवली, त्याला हात लावायचा नाही! ठराव एकमतानं मंजूर. मुलगा आहे की मुलगी, ते लोक समोर बसल्यावर आपापलं बघून घेतील. आणि खरंच घेतात. जळगाव-धुळ्याची आता एवढी सोयरीक झालीय, की भांडायला तिसरं गाव शोधावं लागतं.

कुंदाचं लग्न त्याच कार्यालयात झालं. मी गेलो. न जाऊन कसं चालेल, आबांनी भाषणात तीनदा माझं नाव घेतलं, शाल दिली, नारळ दिला. मी कोपऱ्यात नारळ घेऊन बसलो होतो, की आता लाडू खाऊन निघू. तेवढ्यात भटजींनी विचारलं, "कानपिळ्या कोण?"

कुंदाला सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मामे नाही. नवऱ्या मुलाचा कान पिळायला मुलीचा भाऊ तर लागतो! मांडवात कुजबुज सुरू झाली. आबांनी चारी बाजूंना बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं प्रेम मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"हा काय बसलाय! आधारभाऊ! ये रे, ये! तुझ्याएवढा सख्खा कोण तिला?"

लोकांनी मला उचलूनच नेलं. डोक्याला उपरणं बांधलं. रुपचंदनं मान खाली केली आणि विश्वासानं कान पुढे केला. कुंदा मुंडावळ्यांतून बघत होती. म्हणाली, "दादा, हळू हं."

दादा!

मी कान पिळला. रीत असते तसा नाही पिळला. पाट्या, स्वल्पविराम, म आणि आ, सगळं आठवून पिळला. रुपचंदच्या डोळ्यांतून पाणी आलं. झिपरू नाना सगळ्यांना सांगत होते, "देखा, देखा, भाऊना जीव कसा तुटी राहिना!"